अंदमान: कमी खर्चाचे, जास्त सवडीचे

नळदुर्गच्या बसस्थानकावरून अंदमानला जायच्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकाच महामार्गावरून फुटतात. पश्चिमेला निघाले की तासाभरात सोलापूर येते; तिथून मुंबई-चेन्नई लोहमार्गावरची गाडी धरून चेन्नई गाठायचे. पूर्वेला निघाले की जळकोट, उमरगा, जहीराबाद करत सुमारे २६० किलोमीटरवर हैदराबाद. तिथून थेट विमान.

धाराशिव जिल्ह्यात समुद्र पाहायचा म्हणजे गोवा किंवा कोकण, आणि अंदमान म्हणजे टूरवाल्यांचे पॅकेज, अशी समजूत पक्की आहे. पॅकेजचा आकडा ऐकला की बेत तिथेच बारगळतो. पण पाठीवर एक सॅक घेऊन, साध्या खोल्यांत राहून, सरकारी बोटींनी फिरून ही बेटे माणशी तीस हजारांच्या आसपास पाहता येतात. अट एकच: खिशात पैसे थोडे असले तरी हाताशी दिवस थोडे जास्त हवेत. बेटावरचा खर्च हॉटेलपेक्षा बोटींवर आणि घाईवर जास्त ठरतो. रोज नवे बेट गाठणाऱ्याला तिकीट मिळेल त्या भावाने घ्यावे लागते. दोन बेटांवर निवांत राहणाऱ्याला स्वस्त बोट, स्वस्त खोली आणि मोफत समुद्र, तिन्ही मिळतात.

दुसरा बेटांचा पर्याय लक्षद्वीपचा. २०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांच्या भेटीनंतर त्याची खूप चर्चा झाली. पण तिथे जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना काढावा लागतो आणि राहण्याच्या सोयी मोजक्या आहेत, म्हणून बेत बहुधा पॅकेजकडेच वळतो. अंदमानच्या नेहमीच्या पर्यटन बेटांसाठी भारतीय नागरिकाला वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरते. शिवाय तिथे बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी अशी अनेक भाषांची माणसे वसली आहेत आणि त्यांचा आपसातला व्यवहार हिंदीत चालतो. त्यामुळे मराठवाड्यातल्या माणसाचे बोलण्यावाचून अडत नाही.

जायचे कसे?

नळदुर्ग ते सोलापूर एसटीचे भाडे शंभराच्या आत बसते. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मेच पडते. सोलापूर-चेन्नई अंतर आठशे किलोमीटरच्या वर आहे. स्लीपरचे तिकीट पाचशेच्या आसपास मिळते, पण ते वेळेवर काढले तर. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, तेव्हा तारीख ठरवून त्या दिवशी सकाळी बसावे. चेन्नईहून पोर्ट ब्लेअरचे विमान साधारण सव्वादोन तासांत पोचते. भाडे हंगामाप्रमाणे चढते-उतरते. दोन महिने आधी पाहिले तर एका बाजूला पाच-सहा हजारांत जमू शकते, दिवाळी-नाताळात तेच दुप्पट होते. गाडी उशिरा आली तर विमान चुकू नये म्हणून चेन्नईत एक रात्र काढण्याची तयारी ठेवावी.

तिसरी वाट समुद्राची. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम इथून सरकारी प्रवासी जहाजे पोर्ट ब्लेअरला जातात. चेन्नईहून सुमारे बाराशे किलोमीटरचे पाणी कापायला साधारण साठ तास लागतात. सर्वांत स्वस्त तिकीट ‘बंक’ वर्गाचे: एका मोठ्या दालनात दुमजली पलंगांच्या रांगा. जहाजे महिन्यातून मोजकीच सुटतात आणि वेळापत्रक फार आधी कळत नाही, म्हणून नोकरदाराने दोन्ही बाजूंनी जहाज धरण्याचा हट्ट करू नये. जाताना विमान, येताना जहाज जमले तर दोन्ही अनुभव होतात.

मराठी माणसाच्या मनात हा सागरी मार्ग वेगळ्याच कारणाने कोरलेला आहे. पन्नास वर्षांच्या जन्मठेपेची शिक्षा झालेल्या विनायक दामोदर सावरकरांना ठाण्याच्या तुरुंगातून रेल्वेने मद्रासला नेले आणि तिथून ‘महाराजा’ या आगबोटीने काळ्या पाण्यावर धाडले. ४ जुलै १९११ ला ते पोर्ट ब्लेअरला उतरले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव तिथेच शिक्षा भोगत होते. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सेल्युलर जेलच्या सात शाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. तिकीट अगदी कमी आहे आणि अर्धा दिवस तिथे सहज जातो. कोठडीत उभे राहून पाहिले तर समोर शेजारच्या शाखेची पाठ दिसते. कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये अशीच ती रचना होती.

बोटींचे गणित

नावांचा घोळ आधी मिटवलेला बरा. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉक बेटाचे नाव स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. तिकिटांवर नवी नावे असतात, जेट्टीवर माणसे जुनीच नावे घेतात. दोन्ही ठाऊक असली की चुकायला होत नाही.

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी बोटीने दीड तासाच्या आसपास लागतात. भाडे हजार-बाराशेपासून दोन हजारांपर्यंत. सरकारी बोट अडीच तास घेते, पण पैसे बरेच कमी लागतात. ती सुटते फिनिक्स बे जेट्टीवरून. तिकिटे मर्यादित असतात आणि स्थानिकांना आधी मिळतात; ते रास्तही आहे, कारण शाळा, दवाखाना, बाजार या सगळ्यांसाठी त्यांना हीच बोट. म्हणून पाहुण्याने आधारकार्डाच्या दोन-तीन झेरॉक्स खिशात ठेवून खिडकी उघडण्याआधी रांगेत उभे राहावे आणि आजचे नाही मिळाले तर उद्याचे घ्यावे. इथेच सवडीची किंमत रुपयांत कळते. ज्याला आजच जायचे असते, तो खासगी बोटीचे जादा पैसे मोजतो.

सवडीचे दुसरे कारण हवामान. डिसेंबर २०१६ मध्ये बंगालच्या उपसागरातल्या वादळी हवेमुळे बोटी थांबल्या आणि हॅवलॉक-नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकून पडले. शेवटी नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना पोर्ट ब्लेअरला आणले. असे रोज घडत नाही, पण एखाद्या दिवसाची बोट रद्द होणे ही तिथली नित्याची गोष्ट आहे. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी हॅवलॉकवर असलेल्या माणसाला या एका रद्द बोटीमुळे विमानाचे नवे तिकीट काढावे लागते आणि आठवडाभराची बचत बुडते.

म्हणून क्रम उलटा लावावा. पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर शहर पाहण्यात दिवस न घालवता पुढची बोट धरावी. हॅवलॉकवर चार रात्री, नीलवर दोन, आणि शेवटच्या दोन-तीन रात्री पोर्ट ब्लेअरला ठेवाव्यात. सेल्युलर जेल, रॉस बेट, अबरडीन बाजार सगळे तेव्हा होते. मधे बोट चुकलीच तर शहरातला एक दिवस कमी होतो, विमान चुकत नाही.

दिवसही नळदुर्गच्या घड्याळाने मोजून चालत नाही. वेळ देशभर एकच, पण ही बेटे आपल्यापासून सोळा रेखांशांनी पूर्वेला आहेत. डिसेंबरात तिथे सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास बुडतो आणि पहाटे साडेपाच-पावणेसहाला उगवतो. आपल्याकडे दहाला दिवस सुरू करायची सवय असेल तर तिथे अर्धा दिवस गेलेला असतो. सकाळी सहाला किनाऱ्यावर असावे. ऊन सौम्य असते आणि पाणी नितळ.

खर्चाचा अदमास

चेन्नईमार्गे जाऊन बेटांवर नऊ रात्री राहणाऱ्या एका माणसाचा हिशेब साधारण असा बसतो. रेल्वे जाऊन-येऊन हजार रुपये. विमान दोन्ही बाजूंनी अकरा-बारा हजार. राहणे रोज सातशे धरले तर सहा हजार तीनशे. हॅवलॉकवर सामाईक खोलीतला पलंग या भावात मिळतो आणि दोघे मिळून गेले तर साधी खोलीही परवडते. जेवण रोज पाचशेप्रमाणे साडेचार हजार. सरकारी बोटींनी तीन टप्पे दीड-दोन हजार. भाड्याची स्कूटर दिवसाला पाचशेच्या आसपास, चार दिवस घेतली तर पेट्रोलसह अडीच हजार. वर तीनेक हजार राखीव. बेरीज तिसाच्या आसपास जाते. यातला सर्वांत मोठा आकडा विमानाचा आहे आणि तोच लवकर ठरवून कमी करता येतो.

हॅवलॉकवर राधानगर किनाऱ्याला पैसे पडत नाहीत. २००४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटले होते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवले गेले, म्हणून गावांची नावे गोविंदनगर, विजयनगर अशी आहेत आणि बाजारातल्या खानावळींत भात-मासळीचे बंगाली जेवण स्वस्त मिळते. शाकाहारी थाळीही मिळते. नील आणखी लहान आणि सपाट. भाजीपाला पिकवणारे बेट म्हणून ते ओळखले जाते. तिथे सायकल पुरते. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर हे किनारे एका दिवसात होतात, पण दोन दिवस द्यावेत.

पैसे कुठे खर्च करावेत हेही ठरवून जावे. स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या, शिकाऊ बुडीला साडेतीन-चार हजार लागतात. प्रवाळ जवळून पाहायचे असेल तर तो खर्च वाजवी आहे. त्यासाठी दोन दिवस स्कूटर सोडून चालत फिरावे. प्रवाळाचा तुकडा मात्र, मेलेला असला तरी, आठवण म्हणून उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

सॅक जितकी हलकी तितके बरे. कपड्यांचे तीन जोड, पातळ टॉवेल, पोहण्याचे कपडे, मोबाईलसाठी पाणी न शिरणारी पिशवी, उलटीच्या आणि तापाच्या गोळ्या, बॅटरी. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली तर रेल्वेतली दोन आणि बेटावरची चार जेवणे सहज निघतात. दोन्ही पदार्थ टिकाऊ आहेत आणि गरम करावे लागत नाहीत. रोख रक्कमही जवळ असावी. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईपासून समुद्राखालची केबल आल्यावर तिथले नेटवर्क पुष्कळ सुधारले, तरी छोट्या बेटांवर यूपीआय ऐन वेळी अडते.

एक गोष्ट धाराशिवच्या माणसाला वेगळी सांगायला नको: पाणी. या बेटांवर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी तो साठवायला जागा थोडी, म्हणून उन्हाळ्यात पोर्ट ब्लेअरला दिवसाआड किंवा त्याहून कमी पाणी सोडायची वेळ येते. टँकरची वाट पाहिलेल्यांनी तिथे शॉवर जपून वापरावा.

जिथे जाऊ नये

पोर्ट ब्लेअरहून बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा दाखवणारी सहल स्वस्त म्हणून गळ्यात मारली जाते. तिचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या चौकीवर गाड्या अडवून ताफ्याने सोडतात. फोटो काढणे, थांबणे, खायला देणे सगळे मना आहे. पोर्ट ब्लेअरमधील एका संस्थेबरोबर पुण्याची कल्पवृक्ष आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी न्यायालयात गेल्या आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव भागातून जाणारा हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला. रस्ता मात्र आजही वाहता आहे. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली तेव्हा देशभर संताप उठला. त्या माणसांचे घर गाडीच्या काचेतून पाहायची वस्तू नाही. बेतातून ही सहल वगळली तर एक दिवस आणि हजारेक रुपये वाचतात, आणि ते हॅवलॉकच्या जास्तीच्या रात्रीला लावता येतात.

ज्यांच्याकडे दहा-बारा दिवसांची रजा नाही, त्यांनी मालवणला सुरुवात करावी. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. आज किनाऱ्यावरून होडीने थोड्या वेळात तिथे पोचता येते. स्कूबाची पहिली बुडीही मालवणात अंदमानपेक्षा कमी पैशांत होते. पावसाळ्यात होड्या बंद असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

अंदमानलाही हाच नियम लागतो. मेच्या उत्तरार्धात तिथे मोसमी पाऊस पोचतो आणि समुद्र खवळलेला राहतो. चांगला काळ नोव्हेंबर ते एप्रिल. नळदुर्गला ऑगस्ट-सप्टेंबरात बोरी नदीला पाणी असते, किल्ल्यातल्या पाणीमहालावरचे नर-मादी धबधबे पाहायला गर्दी लोटते आणि किल्ल्याभोवतीच्या व्यवसायांना उसंत नसते. ती गर्दी ओसरली की इथल्या माणसाला मोकळीक मिळते आणि नेमका तेव्हाच अंदमानचा हंगाम उघडतो. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, नाताळची भाववाढ उतरल्यावर निघायचे ठरवले तर विमानाचे तिकीट ऑक्टोबरात पाहायला लागावे, रेल्वेचे नोव्हेंबरात, आणि हॅवलॉकची पहिली रात्र तेवढी आधी नोंदवावी. बाकीच्या रात्री तिथे गेल्यावर, बोट मिळेल तशा.