नमुन्याचा प्रवास : नंदगड ते बेळगाव

‘वैद्यकीय प्रयोगशाळांतील गुणवत्ता व्यवस्थापन’ हा विषय स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे सोपविला, तेव्हा हा प्रांत पॅथॉलॉजिस्ट मंडळींचा आहे, माझ्यासारख्या बालरोगतज्ज्ञाचा नव्हे, असे मी त्यांना नम्रपणे कळविले होते. त्यांनी ते मानले नाही. पुढे विचार करता मलाही वाटू लागले, की अहवाल तयार करणाऱ्याने या विषयावर लिहावे तसे अहवाल वाचणाऱ्यानेही लिहावे. शिवाय या विषयातील माझा पहिला धडा मला माझ्याच दवाखान्याच्या खिडकीत मिळालेला आहे.

त्याला आता वीसेक वर्षे झाली. नंदगडच्या आसपासच्या एका खेड्यातून चार दिवसांचे बाळ घेऊन आजी आणि बाप आले होते. ‘डॉक्टर, पोरगं लई पिवळं दिसतंय,’ आजी म्हणाल्या. बाळ पोटऱ्यांपर्यंत पिवळे होते. कावीळ सोळा-सतराच्या घरात असावी, असे माझ्या डोळ्यांना वाटले. मी रक्त काढले, साध्या बल्बमध्ये भरले (रक्ताच्या नळीला आपल्याकडे बल्बच म्हणतात) आणि बल्ब खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. बेळगावची बस यायला अवकाश होता. पूर्वेची खिडकी, मार्चमधले ऊन. तासाभराने बापाने तो बल्ब सदऱ्याच्या खिशात घातला आणि खानापूरमार्गे बेळगावला नेऊन पोहोचविला. सायंकाळी फोनवर आकडा आला : ९.२.

माझे डोळे सोळा म्हणत होते, कागद नऊ म्हणत होता. मी कागदावर विश्वास ठेवला. बाळाला घरी पाठविले.

तिसऱ्या दिवशी ते परत आले तेव्हा अंगावर पीत नव्हते आणि त्याचे रडणे कर्कश झाले होते. बिलिरुबिन २६. बेळगावला नेऊन रक्तबदल करावा लागला. बाळ वाचले. दीड वर्षाचा असताना त्याला कमी ऐकू येते हे निश्चित झाले आणि श्रवणयंत्र बसले. बिलिरुबिन प्रमाणाबाहेर वाढले की पहिला घाव बहुधा श्रवणाच्या मज्जामार्गावर बसतो, हे या स्मरणिकेच्या डॉक्टर वाचकांना सांगायला नको.

त्या प्रयोगशाळेत मी भांडायलाच गेलो होतो. तेथील पॅथॉलॉजिस्ट माझ्याहून वडील होते. त्यांनी माझे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि एक वही पुढे ठेवली. त्या दिवशी सकाळी यंत्रावर तपासलेल्या नियंत्रण द्रवाचे, म्हणजे ‘कंट्रोल’चे, आकडे तीत होते. महिनाभराच्या ठिपक्यांचा आलेख होता आणि त्या दिवसाचा ठिपका मध्यरेषेला अगदी लागून होता. शेजारच्या नोंदवहीत माझा नमुना होता : ‘मिळाल्याची वेळ १२.४०. काढल्याची वेळ लिहिलेली नाही.’ मग त्यांनी शांतपणे विचारले, ‘डॉक्टर, बल्ब ठेवला कुठे होतात?’

बिलिरुबिन प्रकाशात विघटित होते. याच गुणधर्मावर तर आपण नवजात बालकांना निळ्या प्रकाशाखाली ठेवतो. जे बाळाच्या त्वचेत घडते तेच बल्बमध्येही घडते. थेट उन्हात तासाभरात आकडा निम्म्यापर्यंत उतरू शकतो. यंत्राने जे मोजले ते अचूक मोजले होते. फक्त त्या बल्बमध्ये बाळाच्या अंगातले बिलिरुबिन उरले नव्हते. काढल्याची वेळ नसलेला नमुना त्या प्रयोगशाळेने स्वीकारायला नको होता, हे त्या गृहस्थांनीही मान्य केले. पण ऊन माझ्या खिडकीतले होते.

इटलीतील पादुआ येथील रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत प्लेबानी आणि काररारो यांनी चुकांचा शोध घेऊन १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सापडलेल्या चुकांपैकी ६८ टक्के नमुना यंत्राजवळ पोहोचण्यापूर्वीच्या होत्या. प्रत्यक्ष तपासणीतल्या १३ टक्के. उरलेल्या अहवाल निघाल्यानंतरच्या. दहा वर्षांनी त्यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हाही चित्र फारसे पालटलेले नव्हते. पादुआत नमुना एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जातो. आपल्याकडे तो खिशातून बसने जातो, पावसाळ्यात दरड किंवा पूर आडवा आला तर अर्ध्या वाटेवर थांबतो. आपली टक्केवारी कोणी काढलेली मला ठाऊक नाही, पण ती पादुआहून चांगली असण्याचे कारण दिसत नाही.

आता त्या ठिपक्यांच्या वहीविषयी, विशेषतः वैद्यकीय व्यवसायाबाहेरील वाचकांसाठी. बाजारात आपण तांदूळ घेतो तेव्हा दुकानदाराच्या वजनावर शिक्का आहे की नाही हे पाहतो. वजन खरे असल्याचा पुरावा तांदळात नसतो, शिक्क्यात असतो. प्रयोगशाळेत हे काम नियंत्रण द्रव करतो. त्यातील साखर, युरिया, बिलिरुबिन यांचे मूल्य आधीच ठाऊक असते. रुग्णांचे नमुने लावण्यापूर्वी तो यंत्रावर लावायचा आणि आलेला आकडा आलेखावर ठिपक्याने मांडायचा. कारखान्यातील मालासाठी शूहार्ट यांनी काढलेली ही युक्ती लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी १९५० साली वैद्यकीय प्रयोगशाळेत आणली. ठिपका केव्हा नुसता हलला म्हणायचे आणि केव्हा काम थांबवायचे, याचे नियम वेस्टगार्ड यांनी १९८१ साली घालून दिले. एकच ठिपका तीन प्रमाण विचलनांपलीकडे गेला, तर त्या दिवशीचे अहवाल रोखायचे. ठिपके मर्यादेतच, पण सलग दहा एकाच बाजूला पडले, तर काहीतरी हळूहळू बिघडत आहे असे समजायचे : यंत्रातला दिवा क्षीण होतो आहे, रसायन जुने झाले आहे, किंवा रात्री वीज गेली आणि शीतकपाट तापले. खानापूर तालुक्यातील पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे शेवटचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

हे झाले घरातले हिशेब. बाहेरचा लेखापालही लागतो. १९४७ साली बेल्क आणि संडरमन यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या ५९ रुग्णालयीन प्रयोगशाळांना एकसारखेच नमुने पाठविले. जी उत्तरे आली त्यांत समाधानकारक कमी आणि असमाधानकारक अधिक होती. तेव्हापासून परस्परपडताळणीची प्रथा रुजली. आपल्याकडे रक्तरसायनांसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची आणि रक्तपेशींसाठी दिल्लीच्या एम्सची अशी योजना आहे. अज्ञात नमुना येतो, तो नेहमीच्या रुग्णाचाच समजून तपासायचा, उत्तर पाठवायचे आणि इतरांच्या तुलनेत आपण कोठे आहोत ते निमूटपणे पाहायचे. यात एक मोह असतो. तो नमुना आला की यंत्र पुसूनपासून तीनदा तपासायचा आणि उत्तम आकडा कळवायचा! परीक्षेपुरता अभ्यास करणारे विद्यार्थी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. काही तर आपणच होतो.

ही सारी शिस्त आयएसओ १५१८९ या मानकात ग्रथित झाली. त्याची पहिली आवृत्ती २००३ ची, चौथी डिसेंबर २०२२ ची. या चौथ्या आवृत्तीत रुग्णाच्या उशाशी होणाऱ्या तपासण्याही समाविष्ट झाल्या. म्हणजे आपल्या प्रसूतिगृहातले ग्लुकोमीटरही आता प्रयोगशाळेचेच भावंड झाले. भारतात या मानकानुसार अधिस्वीकृती देण्याचे काम एनएबीएल ही संस्था करते. ती घेणे ऐच्छिक आहे. कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापनांचा २००७ चा कायदा आहे आणि त्याखाली प्रयोगशाळेची नोंदणी होते. पण नोंदणी आणि अधिस्वीकृती या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि भिंतीवरच्या चौकटीतला कागद कोणता हे आपल्यापैकी किती जण वाचून पाहतात?

तालुक्याच्या ठिकाणी एकट्या तंत्रज्ञाच्या जोरावर चालणाऱ्या प्रयोगशाळेला आयएसओचा पसारा झेपत नाही, हे मी जाणतो. नियंत्रण द्रव महाग असतो, एकदा उघडला की थोड्याच दिवसांत संपवावा लागतो आणि दिवसाकाठी रुग्ण येतात दहा. अशांसाठी एनएबीएलने फेब्रुवारी २०१९ मध्ये प्राथमिक पातळीची योजना आणली : रक्तशर्करा, रक्तपेशींची मोजणी, यकृत-मूत्रपिंडाच्या नेहमीच्या तपासण्या, लघवी, नेहमीच्या संसर्गांच्या झटपट तपासण्या. चांगली पायरी आहे. पण या खर्चाचा विषय निघाला की मला आणखी एका खर्चाची आठवण होते. ज्या प्रयोगशाळेला डॉक्टरांच्या पाकिटासाठी पैसा बाजूला काढावा लागतो, तिला नियंत्रण द्रवासाठी तो उरत नाही. आपल्या संघटनेच्या स्मरणिकेत हे वाक्य कटू वाटेल, परंतु अन्यत्र कोठे लिहावे?

मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. तपासणी अचूक, नमुना निर्दोष, तरीही अहवाल दिशाभूल करतो, कारण शेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा प्रौढांची असते. वाढत्या हाडांमुळे मुलांचे अल्कलाइन फॉस्फेटेस प्रौढांच्या दुप्पट-तिप्पट असते. त्यापुढे छापलेला तारा पाहून यकृत बिघडल्याच्या धास्तीने आलेले पालक मी कितीतरी पाहिले आहेत. याच्या उलट प्रकार अधिक घातक. वर्षाच्या मुलाचे क्रिएटिनिन ०.९ आले तर कागदावर कोठेच तारा उमटत नाही, आणि त्या मुलाचे मूत्रपिंड मात्र अडचणीत असते. दोन वर्षांच्या मुलात लिम्फोसाइट निम्म्याहून अधिक असणे स्वाभाविक आहे. जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत टीएसएच मुळातच चढलेला असतो. वयाप्रमाणे मर्यादा छापणे हीदेखील मानकाचीच अपेक्षा आहे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. संगणकात एकदा आकडे भरावे लागतात आणि नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर आपण मुलाचे वय लिहावे लागते. ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव एवढेच लिहून आपण मोकळे होतो.

पोटॅशियमची कथा तर वेगळ्या लेखाची. बाळाची टाच पिळून रक्त काढले की पेशी फुटतात आणि पोटॅशियम वाढते. जांभळ्या झाकणाच्या बल्बमधले थोडे रक्त साध्या बल्बमध्ये ओतले की ईडीटीएच्या क्षारामुळे पोटॅशियम चढते आणि कॅल्शियम उतरते. काळजीपोटी बल्ब बर्फात ठेवून पाठविला तरी वाढतेच, कारण थंडीत पेशीभित्तिकेवरचा पंप मंदावतो आणि आतले पोटॅशियम बाहेर झिरपते. साखरेचे याउलट. साध्या बल्बमध्ये ती दर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटत जाते. राखाडी झाकणातले फ्लोराइडही ही घट लगोलग थांबवीत नाही. पहिला तास-दोन तास ती चालूच राहते.

नोंदींचे मोल सांगणारी एक जुनी हकिकत मुंबईच्या परळची आहे. ती तपासणीची नसून लसीची आहे, तरी आपल्या विषयाला लागू पडते. वॉल्डेमार हाफकिन यांच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेतून गेलेली लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच, ‘५३-एन’ क्रमांकाच्या, बाटलीतून लस घेतलेले. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झाले नाही. ठपका परळवर आला, कारण निर्जंतुकीकरणाची पद्धत तेथे बदललेली होती. हाफकिन यांना पद सोडावे लागले. पुढे पुराव्यांची पुन्हा छाननी झाली तेव्हा समोर आले, की बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू मांडल्यावर १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. बाटलीवर क्रमांक नसता आणि कोणत्या बाटलीतून कोणाला टोचले याची नोंद नसती, तर त्या एका चिमट्यापर्यंत कोणी पोहोचले असते का? आणि चूक पुन्हा प्रयोगशाळेबाहेरचीच.

आपल्या भागालाही अशा नोंदी लागणार आहेत. २०१६ साली गोव्यात काजूच्या बागांत कामाला गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांमध्ये क्यासनूर जंगलतापाचे रुग्ण आढळले. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झाले. तापाचा मजूर दवाखान्यात येतो तेव्हा तो आठवडाभर कोठे होता हे चिठ्ठीवर लिहिलेले नसेल, तर विडालची स्लाइड तपासून त्याला टायफॉइड ठरविणे सोपे असते.

माझ्या दवाखान्यात त्या घटनेनंतर एक वही आली. नमुना कोणाचा, कोणत्या बल्बमध्ये, किती वाजता काढला, किती वाजता निघाला, कोणी नेला. खिडकीला जाड पडदा आहे आणि काविळीचा बल्ब फॉइलच्या कागदात गुंडाळून पाठविला जातो. वहीत शेवटचा रकाना ‘परत’ असा आहे. तो भरताना मला अजूनही त्रास होतो, कारण नमुना परत येणे म्हणजे बापाची आणखी एका दिवसाची मजुरी बुडणे आणि मुलाला पुन्हा सुई. कागदावर ‘नमुना नाकारा’ लिहिणाऱ्या परीक्षकाला ती सुई टोचावी लागत नाही.

गेल्या श्रावणात जुलाबाने कोमेजलेल्या आठ महिन्यांच्या मुलीचे रक्त पाठविले होते. दुपारी बेळगावहून तंत्रज्ञाचा फोन आला, ‘सर, नमुना हिमोलाइज झालाय. पोटॅशियम ६.८ दाखवतंय, पण मी रिपोर्ट देत नाही. परत पाठवा.’ मुलीची आई रडू लागली. बाप काही न बोलता छत्री उचलून उभा राहिला. मी दुसऱ्या हाताची शीर शोधली, टाच पिळली नाही, सुई काढून रक्त बल्बच्या कडेने हळूच सोडले आणि वेळ लिहिली : ३.२५. रात्री साडेआठला आकडा आला, ३.१. पोटॅशियम वाढलेले नव्हते, घटलेले होते. सलाइनमध्ये ते घालायला सांगून मी वहीत ‘परत’च्या रकान्यात खूण केली.