‘आतां’चा ‘उद्यां’ कसा होतो ?

इंग्रजींत उशीर दर्शविणारे कित्येक शब्द मुळांतच संथ आहेत. ‘लेट’ शब्दाचा प्राचीन अर्थ ‘मंद’. ‘टार्डी’ ज्या लॅटिन ‘टार्डस’पासून आला त्याचाही तोच. ‘प्रोक्रॅस्टिनेट’ ह्या लांबलचक शब्दाच्या पोटांत तर लॅटिन ‘क्रास’, म्हणजे ‘उद्यां’, दडलेला आहे.

परंतु याहून विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. इंग्रजी ‘सून’ (आपल्या घरची सून नव्हे !) ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘ताबडतोब’ असा होता; आज तो ‘लवकरच’ एवढाच उरला आहे. ‘अनॉन’ आणि ‘प्रेझेंटली’ यांचीही तीच गत. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत हेरोदियेची कन्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचें शिर ‘बाय अँड बाय’ मागते. तेथें त्याचा अर्थ ‘आतांच्या आतां’ असा आहे. पुढें तो शब्दप्रयोग ‘सावकाश, केव्हां तरी’ या अर्थी रूढ झाला, आणि १८८१ च्या सुधारलेल्या आवृत्तींत त्या जागीं दुसरा शब्द घातला गेला.

शब्द आपण होऊन आळशी होत नाहींत. ‘ताबडतोब करतों’ म्हणणारीं माणसें वेळ लावीत गेलीं, आणि ऐकणारे त्यांचा खरा अर्थ ओळखूं लागले. आपला ‘आतां’ तरी कोठें निराळा आहे ? ‘आतां येतों’ म्हणून गेलेला विद्यार्थी घंटा होईपर्यंत परतत नाहीं. ‘उद्यां आणूं’ म्हणून कबूल केलेली वही महिना लोटला तरी घरीं येत नाहीं. मुलें अशा शब्दांचा अर्थ कोशांतून नव्हे, वडील माणसांच्या वागणुकींतून शिकतात. ‘उद्यां वह्या तपासून देतों’ असें आम्हीही वर्गांत पुष्कळदां म्हटलें आहे. यापुढें तरी त्या ‘उद्यां’चा अर्थ उद्यांच ठेवण्याचा आमचा निश्चय आहे.