बनारसी शालूची नक्षी संगणकावर : नवशिक्याने प्रथम काय शिकावे?

मराठी लग्नघरात बनारसी शालूचे स्थान पैठणीच्या बरोबरीचे आहे. मात्र या दोन वस्त्रांवरील नक्षी तयार होण्याच्या रीतीत मोठा फरक आहे. पारंपरिक पैठणीच्या पदरावरील मोर किंवा कमळ विणकर उभे धागे मोजून, निरनिराळ्या रंगांच्या कांड्या हाताने फिरवून उमटवतो. बनारसी किनखाबात मात्र कोणत्या ओळीला कोणते धागे उचलायचे, हे विणकामापूर्वीच ठरवून मागावर चढवावे लागते. हे ठरवण्याचे काम वाराणसीत आता बऱ्याच अंशी संगणकावर होते. त्यामुळे विणकरांच्या वस्तीतील तरुणांना संगणकीय आरेखन, म्हणजेच ‘कॅड’ शिकण्याची गरज भासू लागली आहे.

हे काम पूर्वी नक्षबंद करीत असत. कागदावरील आकृती पाहून नक्षबंद एका लहान चौकटीवर धाग्यांचीच नक्षी बांधीत असे आणि ती मागाच्या वरच्या ‘जाला’वर उतरवली जाई. मागावर बसलेला सहायक ठरलेल्या क्रमाने दोऱ्या ओढी आणि विणकर खालून धोटा टाकी. फ्रान्समधील लियाँ येथील जोसेफ मारी जाकार यांनी 1804 च्या सुमारास सिद्ध केलेल्या यंत्रात या दोऱ्यांची जागा छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी घेतली. छिद्र असेल तेथे हुक उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीस एक पुठ्ठा लागतो. वाराणसीत या पुठ्ठ्यांना ‘पत्ते’ म्हणतात. चार्ल्स बॅबेज यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हेच पुठ्ठे स्वीकारले होते. संगणकाने मागाकडून घेतलेली ही उसनवारी दीड शतकानंतर आरेखनाच्या रूपाने मागाकडे परत आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

रेषा नव्हे, घरे

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास परिचित असलेले ‘ऑटोकॅड’ 1982 मध्ये बाजारात आले. त्यात चित्र रेषा, वर्तुळे आणि मापे यांतून घडते. रेषा कितीही मोठी केली तरी तिची धार बिघडत नाही. वस्त्राचे आरेखन या पद्धतीने होत नाही. कापडात रेषा नसतेच. तेथे ताणा आणि बाणा, म्हणजे उभा आणि आडवा धागा एकमेकांस छेदतात आणि त्या प्रत्येक छेदावर दोहोंपैकी एकच धागा वर असतो. म्हणून वस्त्र-आरेखनाचा पडदा हा चौकटीच्या कागदासारखा असतो. उभा स्तंभ म्हणजे जाकार यंत्राचा एक हुक आणि आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेरी. तंत्रनिकेतनातून ऑटोकॅड शिकून आलेला विद्यार्थी येथे प्रथम गोंधळतो तो यामुळेच.

घरांचे हे गणित समजले की निम्मी विद्या हाती आली असे समजावे. उदाहरणादाखल, एका इंचात 96 उभे आणि 64 आडवे धागे असलेले कापड घेऊ आणि प्रत्येक हुकाला एकच धागा बांधला आहे असे मानू. दोन इंच रुंद आणि दोन इंच उंच बुट्टी हवी असेल, तर तिला 192 स्तंभ आणि 128 ओळी लागतील. पडद्यावरील घरे चौरस असल्याने ही बुट्टी तेथे आडवी पसरलेली दिसेल, कापडावर मात्र ती योग्य उतरेल. याउलट नवशिक्याने पडद्यावर 128 घरांचे देखणे वर्तुळ काढले, तर कापडावर त्याची उंची दोन इंच आणि रुंदी जेमतेम सव्वा ते दीड इंच भरेल, म्हणजे वर्तुळाचे अंडे होईल. जुने नक्षाकार यासाठी निरनिराळ्या प्रमाणांत आखलेले आलेख-कागद वापरीत. संगणकात धाग्यांची घनता आधी नोंदवली की पडद्यावरील घरे त्या प्रमाणात लांबट दाखवण्याची सोय असते. ही नोंद न करता काम सुरू करणे, ही नवशिक्यांकडून सर्वाधिक होणारी चूक होय.

दुसरी मर्यादा हुकांची. 400 हुकांच्या यंत्रावर 400 स्तंभांहून रुंद आकृती सरळ बसत नाही. वरील घनतेत ही रुंदी चार इंचांहून थोडी अधिक भरते. त्यापुढे तीच आकृती पुन्हा येते. आकृतीचा अर्धा भाग काढून उरलेला अर्धा आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे बांधला, तर रुंदी दुप्पट होते. काठ आणि बुट्टी यांचे भागते, पण पदरावरील भरगच्च वेलींच्या जंगल्यासाठी अधिक हुकांची यंत्रे जोडावी लागतात. आकृती कितीही सुंदर असली, तरी घरी असलेल्या मागाचे हुक मोजल्याखेरीज तिचा पहिला ठिपकाही काढू नये, असा या कामाचा दंडक आहे.

स्कॅनरने आत घेतलेल्या हस्तचित्रात रंगांच्या हजारो छटा येतात. शालूत मात्र जमीन, जर आणि ‘मीना’चे एकदोन रंग, एवढाच पसारा असतो. म्हणून चित्रातील रंग चार-पाचांवर आणणे आणि मग कडांवर विखुरलेले एकेक घर हाताने साफ करणे, हा शिकण्याचा सर्वांत कंटाळवाणा, पण टाळता न येणारा भाग आहे. कोयरीच्या टोकावर चुकीचे राहिलेले एक घर कापडावर त्या आकृतीच्या प्रत्येक आवृत्तीत उमटते. कडा आपोआप मऊ करणारी साधने येथे बंद ठेवावी लागतात. तयार आकृती ‘जेपीईजी’ स्वरूपात साठवणेही घातक ठरते. कारण ते स्वरूप जागा वाचवण्यासाठी रंगांत किंचित फेरफार करते आणि साफ केलेल्या कडांवर नव्या छटा निर्माण होतात. ‘बीएमपी’ किंवा ‘पीएनजी’ या स्वरूपांत हा धोका नसतो.

यानंतर येते ते खरे विणकाम. पडद्यावर सोनेरी रंगाने भरलेले पान मागावर तसेच उतरत नाही. सलग 40 घरांचा पट्टा म्हणजे जरीचा धागा 40 उभ्या धाग्यांवरून कोठेही न अडकता जाणार. वरील घनतेत हे अंतर अर्ध्या इंचाहून थोडे कमी आहे, तरी एवढा सैल धागा बांगडीत अडकून ओढला जाण्यास पुरेसा आहे. म्हणून त्या रंगात ठरावीक अंतराने बंध घालावे लागतात, म्हणजे रंगाच्या जागी वीण भरावी लागते. सॉफ्टवेअर हे बंध क्षणात भरते; परंतु पानाच्या शिरा कोणत्या दिशेने झुकाव्यात आणि जर कोठे अधिक चमकावी, याचा निर्णय ते घेत नाही. जुन्या नक्षाकारांजवळ बसण्याचा उपयोग येथे होतो.

विणीच्या प्रकाराचाही विचार आधीच करावा लागतो. ‘फेकवा’ पद्धतीत नक्षीचा धागा कापडाच्या पूर्ण रुंदीतून जातो. दोन बुट्ट्यांमधील मोकळा धागा मागील बाजूस तरंगत राहतो किंवा नंतर कापला जातो. ‘कढवा’ पद्धतीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्रपणे भरली जाते. मागील बाजू स्वच्छ राहते, पण वेळ पुष्कळ लागतो. वरील 128 ओळींच्या बुट्टीत जर आणि एक मीना असे दोन नक्षीचे धागे फेकवा पद्धतीने घ्यायचे, तर जमिनीची वीण वेगळी सांभाळली तरी 256 पत्ते लागतात. रंग एकाने वाढला की पत्ते 384 होतात. पडद्यावर रंग वाढवण्यास क्षण पुरतो, मात्र पत्ते छेदण्याचा आणि विणण्याचा खर्च विणकराच्या माथी येतो.

धारिका कोणाच्या हाती?

वाराणसीतील चौकाघाट परिसरात केंद्र सरकारचे विणकर सेवा केंद्र आणि भारतीय हातमाग तंत्रज्ञान संस्था आहे. संस्थेत हातमाग तंत्रज्ञानाची पदविका मिळते. ‘मीडिया लॅब आशिया’ या सरकारी संस्थेने जाकार आणि डॉबी विणकामासाठी ‘डिजिबुनाई’ ही मुक्त आज्ञावली तयार केली आहे. खासगी कंपन्यांची महागडी सॉफ्टवेअरे न परवडणाऱ्या कुटुंबास तिचा आधार होऊ शकतो. ठिपक्यांचे आणि रंग कमी करण्याचे प्राथमिक धडे तर ‘गिंप’सारख्या मोफत चित्रप्रणालीवरही गिरवता येतात.

सॉफ्टवेअर शिकण्याने विणकराच्या हाती नेमके काय पडते, हा प्रश्न मात्र उरतो. वाराणसीत बहुसंख्य विणकर ‘गिरस्ता’साठी, म्हणजे माल पुरवून काम करवून घेणाऱ्यासाठी विणतात आणि नक्षीची निवडही तिकडूनच होते. पुठ्ठ्यांच्या काळात नक्षीची नक्कल करण्यास कुशल हात आणि अनेक दिवस लागत. संगणकीय धारिका अर्ध्या मिनिटात पेन ड्राइव्हवर उतरते आणि दुसऱ्या शहरातील यंत्रमागावर तीच बुट्टी कृत्रिम धाग्यात, कितीतरी स्वस्तात विणली जाऊ शकते. आरेखन बाहेरच्या दुकानातून करवून घेतल्यास विणकराच्या घरी पत्त्यांची माळ येते, मूळ धारिका दुकानातच राहते. पुढच्या हंगामात त्याच बुट्टीचा काठ बदलायचा झाला, तरी पुन्हा पैसे मोजून त्याच दारी जावे लागते. घरातील एकाने आरेखन शिकलेले असेल तर धारिका घरी राहते. या शिक्षणाचा सर्वांत मोठा लाभ हाच म्हणावा लागेल.

‘बनारस ब्रोकेड्स अँड सारीज’ला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मात्र तो नाव आणि उत्पादनाचे क्षेत्र यांना संरक्षण देतो. एखाद्याने नव्याने रचलेल्या बुट्टीला नव्हे. तिच्यासाठी 2000 च्या आरेखन कायद्यानुसार स्वतंत्र नोंदणी करावी लागते. हे संरक्षण 10 वर्षांचे असून आणखी 5 वर्षे वाढवता येते. त्यासाठी आकृती नवी असावी लागते आणि अर्जापूर्वी ती लोकांसमोर आलेली नसावी, अशी अट आहे. शालू दुकानाच्या काचेआड लावल्यानंतर अर्ज करणाऱ्यास या कायद्याचा लाभ मिळणे कठीण असते. म्हणून नमुन्याचे चार इंच विणून, दोष शोधून आणि धारिकेत दुरुस्ती करून झाली की पहिला शालू बाजारात पाठवण्यापूर्वीच हा अर्ज करावा लागतो.