खुरासणीच्या फुलाचा मोबदला

दसऱ्यानंतर मुरबाडहून माळशेजकडे निघालं, की भातखाचरं संपून उतार सुरू होतो तिथे पिवळा रंग दिसू लागतो. शहापुरात माहुली किल्ल्याच्या पायथ्यालाही तोच. ही खुरासणी. खाचरात भात आणि उताराच्या वरकस जमिनीवर नाचणी, वरी, मग खुरासणी, ही इथली जुनी फेरपालट. पीक मूळचं इथिओपियाचं. पण आपल्या तेलात आणि चटणीत असं मुरलं, की परकं वाटतच नाही.

आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरा फुलांचा गुच्छ. कडेला आठेक पिवळ्या पाकळ्या आणि मध्ये चाळीस ते साठ नळीसारखी बारीक फुलं. प्रत्येक नळीच्या तळाशी, बीजकोशाच्या माथ्यावर, एक इवलंसं कडं असतं. हीच मकरंदग्रंथी. पानांनी उन्हात तयार केलेली साखर झाडाच्या नसांतून इथवर येते आणि पाझरते. नळी अरुंद, म्हणून रस सांडत नाही. उथळ, म्हणून लहानशा सातेरी मधमाशीची जीभही तळाशी पोचते.

हा रस कशासाठी, हे जर्मनीतल्या स्प्रेंगेल या वनस्पती-अभ्यासकाने १७९३ साली पुस्तक लिहून सांगितलं: तो कीटकांसाठी आहे, आणि त्याच्या बदल्यात ते पराग वाहून नेतात. खुरासणीत हा व्यवहार अगदी चोख दिसतो. नळीतून आधी पराग वर ढकलला जातो, स्त्रीकेसराची टोकं नंतर उघडतात. त्यातून या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या झाडाचाच लागतो. एकाच फुलात घसघशीत थेंब असता, तर माशी तिथेच पोट भरून घरी गेली असती. थेंब लहान, फुलं पुष्कळ, म्हणून तिला झाडामागून झाड हिंडावं लागतं. घाण्यातून पडणारं तेल या हिंडण्याचं फळ आहे, असं मी मानतो.

कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते, तेव्हा डोंगर जांभळा होतो आणि आग्या मधमाशांची पोळी जड होतात. पण मधल्या सहा वर्षांत, पाऊस ओसरताना, मोहोळांना हात देणाऱ्या फुलांत खुरासणी मोठी. वरकस विकून तिथे कुंपणं आणि बंगले उभे राहतात, तेव्हा मधमाशांचं एक ताटही उचललं जातं. याची नोंद कुठल्याच खरेदीखतात होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सातेरी ढोलीत, वारुळात, कधी घराच्या भिंतीतही राहते. तिला धूर-जाळ करून हुसकावू नका. आणि खुरासणी फुलावर असेपर्यंत शेजारच्या काकडी-भेंडीवर सकाळी औषध मारू नका. मारावंच लागलं, तर दिवस मावळल्यावर मारा.