लोकांचे म्हणणे आणि सरकारचा मसुदा

कायदा विधिमंडळात होतो, असे आपण शाळेत शिकतो. परंतु नागरिकाच्या दारापर्यंत येऊन पोहोचणारे पुष्कळसे नियम मंत्रालयात लिहिले जातात. त्यांचा मसुदा आधी राजपत्रात प्रसिद्ध होतो. ठराविक मुदतीत हरकती व सूचना कळवाव्यात, असे त्यात म्हटलेले असते. आणि त्यानंतर अंतिम अधिसूचना निघते. या दोहोंमधला अवधी हाच सामान्य माणसाचा धोरणात भाग घेण्याचा काळ होय. पूर्वी राजपत्र खेड्यात क्वचितच दिसे. आज ते मोबाइलवर येऊ शकते. या सोयीचा खरा उपयोग कसा करावा, याचा थोडा विचार करू.

उदाहरण आपल्याच मुलखातले घेऊ. बेळगावहून चोर्ला घाटाकडे निघाले म्हणजे खानापूर तालुक्यात जांबोटी लागते. सभोवती सह्याद्रीचे रान, त्याच रानात भीमगड अभयारण्य, आणि मराठी बोलणारी वस्ती. ३१ जुलै २०२४ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटासंबंधी एक मसुदा काढला. सहा राज्यांतील सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवावा, असा त्याचा आशय. त्यांपैकी २०,६६८ चौरस किलोमीटर कर्नाटकातील असून त्यात खानापूर तालुक्यातील गावेही येतात. २०१४ पासूनचा हा सहावा मसुदा. हरकतींसाठी मुदत होती ६० दिवसांची.

अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपवरून मसुद्याच्या आधी अफवा धावते. घरे जाणार, शेती बंद होणार, अशी भीती घाटमाथ्यावर अनेकदा पसरली आहे. वस्तुतः मसुद्याचा रोख खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, अतिप्रदूषक कारखाने आणि प्रचंड बांधकामे यांवर आहे. राहत्या घराची दुरुस्ती वा मालमत्तेचे हस्तांतर यांना त्यात आडकाठी नाही. तरीही एखाद्या गावाची रास्त हरकत असू शकते. मात्र ती मूळ कागद वाचूनच घ्यावयास हवी. म्हणून पुढे धाडावयाचे ते मूळ अधिसूचनेचे पान, तिच्यावरील तारीख आणि हरकत पाठविण्याचा पत्ता; कोणा अनामिकाचा निरोप नव्हे.

दुसरी अडचण भाषेची. २०२० साली पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा मसुदा निघाला, तो इंग्रजी व हिंदीत. समाजमाध्यमांतून त्याविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली आणि लाखो पत्रे मंत्रालयाकडे गेली. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढविली व मसुद्याचे भाषांतर आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत करण्यास सांगितले. ज्याला वाचता येत नाही त्याचे मत विचारणे म्हणजे न विचारण्यासारखेच, हे यातील मर्म. सीमाभागातील वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी: संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदानुसार तक्रारीच्या निवारणासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. जांबोटीच्या शेतकऱ्याने आपले गाऱ्हाणे मराठीत मांडले, तर तो कोणाची मेहेरबानी मागत नाही.

तिसरी गोष्ट संख्येची. २०१५ च्या अखेरीस इंटरनेटच्या दरांविषयी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने लोकांचे मत मागविले. फेसबुकने आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेच्या समर्थनार्थ एक तयार मजकूर पुढे केला आणि लाखोंनी तोच पाठविला. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यात नाहीत, असे प्राधिकरणाने स्पष्ट सांगितले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. एका साच्यातली लाख पत्रे मोजली जातात. पण ‘आमच्या गावचा हा ओढा, ही पायवाट, ही गायराने, आणि या कलमाने त्यांचे असे होईल’, असे लिहिलेले एकच पत्र वाचावे लागते.

सरकारकडेही कर्तव्याचा वाटा आहे. २६ जुलै २०१४ रोजी केंद्राने ‘मायगव्ह’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ठरलेल्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा आणि आलेल्या अभिप्रायांचा सारांशही प्रसिद्ध करावा, असे अपेक्षित आहे. मते घेतली, पण त्यांचे काय झाले ते सांगितले नाही, तर पुढच्या खेपेस लोक बोलणारच नाहीत.

शेवटी, रानातल्या वाडीवर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, आणि म्हातारीच्या हाती मोबाइल असेलच असेही नाही. तेव्हा मोबाइलवर आलेला मसुदा ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, त्यावर चर्चा व्हावी, ठराव व्हावा, आणि तो मुदतीच्या आत दिलेल्या पत्त्यावर पोहोचून त्याची पोच जपून ठेवली जावी. समाजमाध्यम हे दवंडीचे काम उत्तम करते. पण दवंडी ऐकून चावडीवर जावे लागते, ते आपल्यालाच.