टोकियो रोझ नावाची बाई नव्हतीच

सप्टेंबर १९४५. जपान शरण आल्यावर टोकियोत दाखल झालेल्या अमेरिकी पत्रकारांना एकच मुलाखत हवी होती, 'टोकियो रोझ'ची. पॅसिफिकमधल्या सैनिकांचं मन रेडिओवरून गोड आवाजात खच्ची करणारी जपानी मोहिनी, अशी तिची ख्याती. शोधता शोधता दोघांना इवा तोगुरी सापडली. दोन हजार डॉलर कबूल करून त्यांनी तिची एका करारावर सही घेतली. 'टोकियो रोझ ती मीच, दुसरी कोणी नाही' अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. पैसे तिला कधीच मिळाले नाहीत. सही मात्र अंगाशी आली.

मुळात या नावाची निवेदिका जपानी रेडिओवर नव्हतीच. इंग्रजी बोलणाऱ्या अनेक बायकांच्या आवाजांना सैनिकांनी मिळून दिलेलं ते टोपणनाव. इवा स्वतःला 'ऑर्फन ॲन' म्हणवायची, आणि तिचं निवेदन लिहून देत होता चार्ल्स कझिन्स हा ऑस्ट्रेलियन मेजर, जो स्वतःच जपान्यांचा युद्धकैदी होता.

ती जपानी होती, हा दुसरा गैरसमज. तिचा जन्म लॉस एंजेलिसचा, तोही ४ जुलै १९१६ चा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा. प्राणिशास्त्राची पदवी घेतलेली ही मुलगी १९४१ च्या उन्हाळ्यात आजारी मावशीच्या शुश्रूषेला जपानला गेली. पासपोर्ट नव्हता, नुसता ओळखीचा दाखला. डिसेंबरात युद्ध पेटलं आणि ती अडकली. जपानी धड बोलता येईना, तिथलं जेवण घशाखाली उतरेना. पोलीस मागे लागले की जपानी नागरिकत्व घे. ती नाही म्हणाली. शत्रूदेशाची नागरिक म्हणून मग तिला रेशनकार्डही नाकारलं गेलं.

तिकडे तिच्या मायदेशात उलटंच चाललं होतं. फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकी नागरिक होते. इवाचे आईवडीलही त्यांत होते. आई त्याच वर्षी स्थानबद्धतेत वारली. पश्चिम किनाऱ्याचा सेनाधिकारी जनरल डेविट याचं तर्कशास्त्र ऐकण्यासारखं आहे: आजवर घातपाताची एकही घटना घडलेली नाही, यावरूनच ती घडणार हे दिसतं! असल्या तर्कापुढे माणसाने निर्दोषपणा सिद्ध करायचा तरी कसा? हवाईत लोकसंख्येचा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा जपानी वंशाचा होता. तिथे अशी सरसकट उचलबांगडी झाली नाही, आणि घातपातही झाला नाही. जर्मन वंशाच्या अमेरिकनांची धरपकड झाली, पण माणूस पाहून. अख्खा समाज छावणीत गेला नाही.

युद्धानंतर इवावर आरोप आला तो देशद्रोहाचा. शत्रूला मदत म्हणजे देशद्रोह, आणि देशद्रोह म्हणजे फाशी, हे समीकरण तर घरोघरी पाठ असतं. कायद्याचं माप मात्र फार आखूड आहे. अमेरिकी राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या दोनच गोष्टींची: देशाविरुद्ध युद्ध पुकारणं, किंवा शत्रूला सामील होऊन त्याला साहाय्य करणं. तेही एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार हवेत, नाहीतर भर न्यायालयात कबुली. शिक्षा किमान पाच वर्षं कैद आणि दहा हजार डॉलर दंड, कमाल मृत्युदंड. अणुबॉम्बची गुपितं सोव्हिएत संघाला पुरवल्याबद्दल रोझेनबर्ग दांपत्याला १९५३ मध्ये विजेच्या खुर्चीवर मारलं, तेसुद्धा देशद्रोहासाठी नव्हे. आरोप हेरगिरीच्या कटाचा होता.

शिवाय हा गुन्हा निष्ठा बांधलेली असेल त्याच्याच हातून घडू शकतो. विल्यम जॉइस न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला अमेरिकी नागरिक. बर्लिनहून नाझींचा प्रचार करायचा. १९४६ मध्ये ब्रिटनने त्याला देशद्रोहाबद्दल फासावर चढवलं, कारण खोटी माहिती देऊन मिळवलेला ब्रिटिश पासपोर्ट त्याच्या खिशात होता. ज्याचं संरक्षण घेतलंस त्याच्याशी इमान राख, असा तो न्याय.

आपल्याकडे तर शब्दांचाच घोळ. टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये चाललेले खटले राजद्रोहाचे होते. कलम १२४-अ सरकारविषयी अप्रीती पसरवण्याचं, देशाशी दगा करण्याचं नव्हे. चर्चेत मात्र दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी फिरतात. भारतीय दंडसंहितेत 'देशद्रोह' नावाचं कलमच नव्हतं. त्याच्या सगळ्यात जवळचं कलम १२१, सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याचं. त्याखाली येरवड्यात २०१२ साली फाशी गेलेला मुंबई हल्ल्यातला कसाब तर परदेशी नागरिक होता.

इवाचा खटला १९४९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उभा राहिला. आठपैकी सात आरोप टिकले नाहीत. जहाजं बुडाल्याबद्दल ती एकदा मायक्रोफोनसमोर बोलली, एवढा एकच टिकला: दहा वर्षं कैद, दहा हजार डॉलर दंड, नागरिकत्व रद्द. भिस्त होती रेडिओवरच्या तिच्या दोन वरिष्ठांच्या साक्षीवर. दोघेही अमेरिकेत जन्मलेले, पण त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलं होतं, म्हणून त्यांच्यावर देशद्रोहाचा खटला चालणं शक्यच नव्हतं. पोलिसांचं ऐकून इवानेही ते घेतलं असतं, तर तीही सुटली असती.

१९७६ मध्ये त्याच दोघांनी शिकागोच्या एका वार्ताहराला सांगितलं की आपल्यावर दडपण आणून साक्ष वदवून घेतली होती. अध्यक्ष फोर्ड यांनी १९ जानेवारी १९७७ रोजी, पायउतार व्हायच्या आदल्या दिवशी, तिला माफी दिली आणि नागरिकत्व परत केलं. सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढलेली इवा तोवर शिकागोत, वडिलांनी थाटलेल्या जपानी वस्तूंच्या दुकानात काम करत होती. २००६ मध्ये ती त्याच शहरात वारली.