हिरव्या कुरणातील उपासमार

पश्चिम ऑस्ट्रेलियातील डेन्मार्क परिसरात पोटभर चरूनही गुरेमेंढ्या खंगून मरत. चाऱ्यातील कोबाल्ट या खनिजाची उणीव हे त्याचे कारण १९३५ मध्ये उमगले. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्म जीव कोबाल्टच्या साहाय्याने बी-१२ जीवनसत्त्व तयार करतात. चारा आंबून निर्माण होणाऱ्या प्रोपिऑनिक आम्लाचे शर्करेत रूपांतर होण्यास ते आवश्यक असते. ते न मिळाल्यास भूक मंदावते, अंगावरची चरबी झडून यकृतात साचते. न्यूझीलंडमधील कोकरांचे यकृत पांढुरके पडते, ते याच उणिवेपोटी. वास्तविक गरज किती अल्प! एक किलोग्रॅम कोरड्या चाऱ्यामागे सुमारे ०.१ मिलिग्रॅम. म्हणूनच चारा मुबलक असूनही जनावर खंगू लागल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने क्षारमिश्रण देणे हितावह ठरते.